'रिंगू' आणि 'द रिंग' : मूळ भयपट, त्याचा रिमेक आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नेमके कोणते दोन चित्रपट?

पहिला हिदेओ नाकाता यांचा जपानी चित्रपट. तो ३१ जानेवारी १९९८ला प्रदर्शित झाला, लांबी साधारण ९६ मिनिटं. दुसरा गोर व्हर्बिन्स्की यांनी ड्रीमवर्क्ससाठी केलेला अमेरिकी रिमेक. तो १८ ऑक्टोबर २००२चा, ११५ मिनिटांचा. जपानमध्ये पहिल्याचं नावही 'रिंग'च आहे. गोंधळ नको म्हणून बाहेरच्या जगाने जपानी उच्चाराचं 'रिंगू' उचललं, इथेही तेच वापरलं आहे. दोन्हींच्या मुळाशी कोजी सुझुकी यांची १९९१ची कादंबरी आहे.

कथेचा सांगाडा एकच. एक व्हिडिओ कॅसेट आहे. ती पाहिली की फोन वाजतो आणि सात दिवसांनी पाहणारा मरतो. एका पत्रकार बाईची भाची अशीच मरते. बाई शोध घेताना स्वतः ती कॅसेट पाहते, मग तिचा घटस्फोटित नवरा किंवा जुना जोडीदार पाहतो आणि शेवटी तिचा लहान मुलगाही. 'रिंगू'मध्ये ही बाई रेको, नवरा र्‍युजी, मुलगा योइची आणि कॅसेटमागचं भूत सादाको. 'द रिंग'मध्ये तेच अनुक्रमे रेचल, नोआ, एडन आणि समारा.

खालच्या उत्तरांमध्ये शेवटासकट सगळं सांगितलेलं आहे. चित्रपट पाहिले नसतील तर पुढचा एक प्रश्न वाचा आणि थांबा.

आधी कोणता पाहावा?

'रिंगू'. कारण सरळ आहे: टीव्हीतून बाहेर येण्याचा प्रसंग आयुष्यात एकदाच नवा असतो. नाकाता यांनी तो जवळजवळ शेवटपर्यंत राखून ठेवला आहे आणि आधी त्याची पुसटशीही चाहूल दिलेली नाही. रिमेक आधी पाहिला तर मूळ चित्रपटाचा तोच एक हुकमी पत्ता वाया जातो. उलट क्रमाने पाहिलं तर रिमेकचं फारसं नुकसान होत नाही, त्याची ताकद बरीचशी इतर ठिकाणी आहे. दोन्हींच्या मध्ये किमान आठवडाभर जाऊ द्या. एकाच रात्री लागोपाठ पाहिले तर दुसरा चित्रपट आपण पाहत नाही, फक्त तपासत बसतो.

कादंबरीशी जास्त इमान कुणाचं?

कुणाचंच नाही, आणि रिमेकला दोष देणारे बहुतेक जण हे विसरतात. कादंबरीतला नायक असाकावा पुरुष आहे आणि र्‍युजी त्याचा मित्र. पटकथाकार हिरोशी ताकाहाशी आणि नाकाता यांनी नायकाची बाई केली, मित्राला तिचा घटस्फोटित नवरा केलं आणि मूल आईच्या जबाबदारीवर टाकलं. कादंबरीत टीव्हीतून कुणी बाहेर येत नाही, माणसं हृदय बंद पडून मरतात. तिथे कॅसेटच्या शेवटी जीव वाचवायचा उपाय सांगितलेला होता, पण कुणीतरी चेष्टेने त्यावर जाहिरात रेकॉर्ड करून तो पुसून टाकलेला असतो. सादाकोला विहिरीत ढकलणारा माणूसही वेगळा आहे.

म्हणजे 'रिंगू' हेच आधी एक मोठं रूपांतर. रिमेकचे पटकथाकार एरेन क्रुगर यांनी कादंबरीपेक्षा नाकाता यांच्या चित्रपटावरच घर बांधलं आहे. बाई पत्रकार, एकटी आई, टीव्हीतून रांगत येणारी मुलगी हे सगळं तिथूनच आलेलं.

कॅसेटमध्ये काय दिसतं? दोन्हींतला सगळ्यात मोठा फरक तोच का?

हो. बाकी सगळे फरक याच्या पोटात येतात.

'रिंगू'मधली कॅसेट तुटक आणि छोटी आहे. आरशात केस विंचरणारी बाई, कागदावर वळवळणारी जपानी अक्षरं आणि त्यात 'उद्रेक' हा शब्द, उलटे सरपटणारे लोक, डोक्यावर कापड घेऊन एका बाजूला बोट दाखवणारा माणूस, डोळा आणि त्यात उमटलेलं एक अक्षर, मग विहीर. यातल्या काही गोष्टींचा उलगडा होतो. उद्रेक मिहारा ज्वालामुखीचा, केस विंचरणारी बाई म्हणजे सादाकोची आई शिझुको, अक्षर सादाकोच्या नावातलं. आवाजात लपलेलं एक बोलीतलं वाक्य हा ज्वालामुखी असलेल्या ओशिमा बेटाकडे बोट दाखवतं. पण तो कापड घेतलेला माणूस कोण, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. आणि नेमका तोच शेवटी टीव्हीच्या काचेत प्रतिबिंबासारखा दिसतो, रेकोच्या पिशवीतल्या कॅसेटकडे बोट करतो आणि तिला वाचण्याचा मार्ग कळतो. कोड्याची किल्ली अशा माणसाच्या हातात आहे, ज्याला स्वतःला स्पष्टीकरण नाही.

'द रिंग'ची कॅसेट लांब आणि जास्त सजवलेली आहे. शिडी, जळणारं झाड, मेलेले घोडे, टेबलाखालून निघालेली गोम, खिळ्यावर टेकणारं बोट, डबीतली तुटकी बोटं, आरशातली बाई, कडा, विहीर. रेचल पुढे जिथे जाते तिथे यातली एकेक गोष्ट तिला प्रत्यक्ष भेटते. शिडी तबेल्यातल्या माळ्याची निघते, झाड भिंतीवरच्या कागदाखाली जळून उमटलेलं सापडतं, घोडे समाराच्या दत्तक आईबापांचे, म्हणजे मॉर्गन दांपत्याचे. पहिल्यांदा पाहताना यात मोठी मजा आहे, कारण प्रेक्षकही तिच्याबरोबर खुणा जुळवत जातो. दुसऱ्यांदा पाहताना मात्र कॅसेट पुराव्यांची यादी वाटायला लागते. प्रत्येक चित्रापुढे बरोबरची खूण झाली की भीतीचा हिशेब मिटतो. नाकाता यांनी हिशेब मुद्दाम अर्धा ठेवला आहे.

एक गोष्ट रिमेकच्या बाजूने सांगायलाच हवी. पडद्यावर चालणारी माशी रेचल चिमटीत धरून बाहेर काढते, तो क्षण अव्वल आहे. टीव्हीच्या आतलं बाहेर येऊ शकतं, हे तो एक शब्दही न बोलता पेरून ठेवतो.

सात दिवसच का?

'रिंगू' याचं कारण देत नाही. 'द रिंग' देतो: समारा विहिरीत पडल्यावर सात दिवस जिवंत होती. फोनवरचा मुलीचा आवाजही तिथे थेट 'सात दिवस' असं सांगतो. 'रिंगू'मध्ये फोन उचलल्यावर शब्द नाहीत, कॅसेटमधलाच तो कर्कश आवाज आहे.

सादाको आणि समारा एकच की वेगळ्या?

केस, पांढरा पोशाख आणि विहीर सोडली तर त्यांच्यात फार कमी साम्य आहे.

सादाकोची मुळं जपानमध्ये दोन ठिकाणी जातात. एक मूळ लोककथेत आहे. दहा ताटांपैकी एक हरवल्याच्या आरोपातून जीव गमावलेली ओकिकू विहिरीतून वर येते आणि नऊपर्यंत मोजत राहते. हिमेजी किल्ल्यात आजही तिच्या नावाची विहीर दाखवतात. दुसरं मूळ इतिहासातलं आहे. टोकियो इम्पीरियल विद्यापीठातले तोमोकिची फुकुराई यांनी १९१०मध्ये चिझुको मिफुने नावाच्या स्त्रीच्या अतींद्रिय दृष्टीचे जाहीर प्रयोग केले. लबाडीचे आरोप झाले आणि १९११च्या जानेवारीत तिने विष घेतलं. फुकुराई विचारांनी फोटोच्या काचेवर प्रतिमा उमटवण्याचेही प्रयोग करत होते आणि त्यांनी तपासलेल्या स्त्रियांपैकी एकीचं नाव सादाको होतं. चित्रपटातली शिझुको, तिच्यावर प्रयोग करणारे डॉक्टर इकुमा आणि पत्रकारांसमोर उधळलेलं प्रात्यक्षिक हे सगळं तिथून घेतलेलं दिसतं. मनाने कॅसेटवर चित्र उमटवणं ही कल्पनासुद्धा त्याच काचांची पुढची पायरी.

त्यामुळे सादाकोच्या रागाला एक सामाजिक बाजू आहे. तिच्या आईला भर सभेत खोटं पाडणारा माणूस जागीच कोसळतो, शिझुको स्वतःला ज्वालामुखीच्या मुखात झोकून देते आणि डॉक्टर इकुमाच सादाकोला विहिरीत ढकलतो.

समारा मॉर्गन दत्तक मुलगी आहे, घोड्यांच्या फार्मवर वाढलेली. तिच्या मनातली चित्रं आसपासच्या माणसांना आणि जनावरांना वेड लावतात. दत्तक आई ॲना तिच्या तोंडावर काळी पिशवी आवळून तिला विहिरीत टाकते आणि मग स्वतः कड्यावरून उडी घेते. इथे जाहीर अपमान नाही, कुजबुजणारं गाव नाही. भीती बंद घरात आहे: एक मूल हवं होतं, ते आलं आणि ते सांभाळता येईना. अमेरिकी प्रेक्षकासाठी हा बदल शहाणपणाचा होता. मिफुने प्रकरणाची आठवण नसलेल्यांना ते प्रात्यक्षिक नुसती माहिती वाटली असती.

मराठी वाचकाला सादाको थोडी ओळखीची वाटते, त्यात नवल नाही. मोकळे केस सोडलेली हडळ आणि विहिरीवरच्या साती आसरा आपल्याकडे आहेतच. पण आसरांना नैवेद्य देऊन शांत करता येतं. सादाकोबाबत तो समज किती महागात पडतो, हे विहिरीच्या प्रश्नात पुढे येईल.

र्‍युजीच्या जागी नोआ आणल्याने काय बिघडलं?

र्‍युजी (हिरोयुकी सानादा) गणित शिकवतो आणि त्याला स्वतःला अतींद्रिय शक्ती आहे. स्पर्शाने त्याला भूतकाळ दिसतो. ही पटकथेची सोय आहे आणि कमकुवत जागाही: तपास अडला की र्‍युजीने कुणाला तरी हात लावायचा. नोआ (मार्टिन हेंडरसन) व्हिडिओ तंत्रज्ञ आहे, कशावरही विश्वास न ठेवणारा. रिमेकचा तपास त्यामुळे कागदपत्रं, जुनी वर्तमानपत्रं, मनोरुग्णालयाच्या फायली आणि टेपची यंत्रं यांतून पुढे सरकतो. या बाबतीत रिमेक सरस आहे.

नुकसान दुसरीकडे होतं. र्‍युजी आणि रेको यांच्यात एक थंड, न बोललेलं अंतर आहे. ते दोघं मरणाच्या तयारीने काम करतात. नोआ आणि रेचल यांच्यात हलकी चेष्टामस्करी आहे, आणि त्याच्या मरणाचं दुःख चित्रपट आधीपासून आपल्याकडून मागत असतो.

नायिकांच्या नोकरीतला फरकही बघण्यासारखा आहे. रेको (नानाको मात्सुशिमा) टीव्हीसाठी काम करते आणि सुरुवातीलाच शाळकरी मुलींना कॅमेऱ्यासमोर कॅसेटच्या अफवेबद्दल विचारते. ऐकीव गोष्ट व्हिडिओतून पसरवणं हाच तिचा धंदा. रेचल (नेओमी वॉट्स) वर्तमानपत्रात आहे, त्यामुळे हा धागा रिमेकमध्ये सुटतो.

लहान मुलगा दोन्हीकडे सारखाच विचित्र आहे ना?

नाही. योइची गप्प आहे, पण साधा मुलगा आहे. घरी आई नाही म्हणून स्वतःचं स्वतः आवरणारा. एडन (डेव्हिड डॉर्फमन) आईला 'रेचल' म्हणतो, डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन फिरतो आणि समाराशी त्याचा जणू संवाद चालू असतो. हॉलीवूडमधल्या भुताळ मुलांच्या रांगेत तो शोभतो, म्हणूनच थोडा शिळा वाटतो. मात्र रिमेकमधलं सगळ्यात चांगलं वळण त्याच्याच तोंडी आहे. तू तिला मदत करायला नको होतीस, ती कधी झोपत नाही, हे तो आईला सांगतो आणि आतापर्यंतचा सगळा दिलासा एका वाक्यात उलटतो.

विहिरीचा प्रसंग कुणाचा चांगला?

'रिंगू'चा, आणि कारण अगदी व्यवहारी आहे: तिथे काम दिसतं. भाड्याच्या लाकडी घराखाली विहीर सापडते. एकाने आत उतरून बादली भरायची, दुसऱ्याने वरून दोरीने ओढून पाणी बाहेर फेकायचं. बादलीमागून बादली. हात गळून जातात, रेको कोसळते, र्‍युजी तिला थप्पड मारून भानावर आणतो, जागा बदलतात आणि तिची घटका जवळ येत राहते. मग चिखलात कवटी हाती लागते, केस सालासारखे निघून येतात आणि रेको तिला मुलासारखं कुशीत घेते. वेळ टळते, ती जिवंत राहते. आपणही मान्य करतो की आत्म्याला शांती मिळाली. पण र्‍युजीचा जीव तरीही जातो.

रिमेकमध्ये गोट्या घरंगळत जमिनीच्या मध्याशी जमतात, फरशी फोडली जाते आणि टीव्हीच्या धक्क्याने रेचल विहिरीत पडते. ती कष्टाने उतरत नाही, ढकलली जाते. तिथे समाराचं शरीर आधी जसंच्या तसं दिसतं आणि डोळ्यांदेखत सडतं. दृश्य देखणं आहे, पण घाम नाही. बादल्यांच्या श्रमामुळे 'रिंगू'मधला खोटा शेवट जितका खरा वाटतो तितका इथे वाटत नाही, म्हणून पुढचा धक्काही किंचित कमी बसतो.

रिमेकने इथे एक चांगली भर घातली आहे: झाकण सरकताना विहिरीच्या तळातून दिसणारं प्रकाशाचं वर्तुळ. शीर्षकाला चित्र मिळालं.

टीव्हीतून बाहेर येण्याचा प्रसंग कसा चित्रित केला?

'रिंगू'मध्ये सादाकोचं काम रीए इनो यांनी केलं. त्यांना अडखळत, सांधे तुटल्यासारखं उलटं चालायला लावलं आणि ते चित्रीकरण मागून पुढे फिरवलं. त्यामुळे ती आपल्याकडे येताना दिसते, पण वजन कुठल्या पायावर कधी पडतं याचा क्रम चुकलेला असतो. नेमकं काय चुकलंय हे डोळ्याला सांगता येत नाही, पण अंगाला कळतं. चेहरा कधीच दिसत नाही. दिसतो तो फक्त एक डोळा, खाली वळलेला. तो क्रूमधल्या एका पुरुषाचा आहे, पापण्यांचे केस काढून घेतलेला.

प्रसंगाची आखणीही बघा. खोली उजेडाची आहे, र्‍युजी टेबलाशी बसून लिहितो आहे, पार्श्वसंगीत जवळपास नाही. टीव्ही आपोआप सुरू होतो, विहीर दिसते. कॅसेटमध्ये याआधी विहिरीपाशीच सगळं संपायचं. या वेळी संपत नाही. मग फोन वाजतो. घाबरवायची सगळी सामग्री म्हणजे एक विहीर, एक फोन आणि थोडा वेळ.

'द रिंग'मध्ये समारावर व्हिडिओतला बिघाड चढवला आहे. ती चालता चालता अडखळते, चित्र फाटतं, मधल्या अंतराची उडी मारून ती एकदम जवळ येते. खोलीत आल्यावरही ती टेपमधल्या चित्रासारखीच करडी आणि थरथरती राहते. कल्पना उत्तम आहे: ती टीव्हीतून बाहेर आली, तरी सिग्नलच राहिली. पण दोन गोष्टी प्रसंगाला कमकुवत करतात. मधेच रेचल गाडीतून नोआकडे धाव घेताना दाखवली आहे, त्यामुळे खोलीतली कोंडी सुटते. आणि शेवटी समाराचा चेहरा पूर्ण दाखवला आहे. मेकअप रिक बेकर यांचा, म्हणजे कारागिरीत खोट नाही. खोट दाखवण्याच्या निर्णयात आहे.

फोटोतले बिघडलेले चेहरे दोन्हीकडे आहेत का?

आहेत, आणि मनगटावरच्या हाताच्या खुणाही. रिमेकने त्यात दुकानातल्या सीसीटीव्हीची भर घातली: नोआला पडद्यावर स्वतःचा चेहरा फासल्यासारखा दिसतो. कपाटातलं प्रेतही दोन्हीकडे क्षणभरच दिसतं. जपानी चित्रपटात चेहरा भीतीने गोठलेला आहे, अमेरिकीत तो सडका आणि विद्रूप आहे.

घोडे कुठून आले?

पूर्णपणे रिमेकचे. फेरीबोटीवर रेचल जवळ जाताच घोडा बिथरतो, सुटतो आणि पाण्यात झेप घेतो. मूळ चित्रपटात याच्या तोडीचं उघड्यावरचं, दिवसाढवळ्या घडणारं काही नाही. रिमेक नक्कल सोडून स्वतःचं बोलतो तेव्हा किती जोरकस होतो, याचा हा पुरावा आहे.

रिमेकचा तो हिरवट रंग मुद्दाम आहे का?

हो. छायालेखक बोयान बाझेली यांनी ऊन आणि ठळक सावल्या जवळपास हद्दपार केल्या आहेत. सगळं ढगाळ, निळसर-हिरवं, ओलं. कथा सिअॅटल आणि आसपासची असल्याने पावसाला निमित्त लागत नाही. मॉर्गन कुटुंबाचं मोएस्को बेट काल्पनिक आहे, तिथला दीपस्तंभ म्हणजे ओरेगॉन राज्यातलं न्यूपोर्टजवळचं याक्विना हेड. कॅसेट सापडते त्या सरायीपाशी दिसणारं लाल पानांचं झाड कृत्रिम होतं. एवढ्या हिरवटात तेवढंच लाल ठेवणं हा हिशेबी निर्णय.

जुनइचिरो हायाशी यांनी टिपलेला 'रिंगू' याच्या उलट साधा दिसतो. घरं घरांसारखी, ऑफिस ऑफिससारखं. काहींना तो टीव्हीवरच्या मालिकेसारखा वाटतो. तसा वाटणं त्याच्या फायद्याचं आहे, कारण पुढे जे येतं ते टीव्हीतूनच येतं.

संगीत आणि आवाजात काय ऐकावं?

'रिंगू'मधलं केंजी कावाई यांचं काम संगीत आणि आवाज यांच्या सीमेवर आहे. धातू घासल्यासारखे, लांब ओढलेले सूर, आणि दोन सुरांमध्ये बराच वेळ काहीच नाही. रिमेकमधल्या हान्स झिमर यांच्या संगीताला सूर आहे, त्यात पियानो आणि तंतुवाद्यं आहेत, आणि ते समाराबद्दल कीव निर्माण करू पाहतं. कावाई सादाकोबद्दल काहीच वाटू देत नाहीत.

मूळ कथा तीच, मग रिमेक जवळजवळ वीस मिनिटं मोठा का?

घोडे, मॉर्गन कुटुंब, मनोरुग्णालय, रिचर्ड मॉर्गनची (ब्रायन कॉक्स) भेट आणि त्याची बाथटबमधली आत्महत्या यांत ही मिनिटं जातात. एक उपकथा तर कापली गेली: ख्रिस कूपर यांनी केलेली खुन्याची छोटी भूमिका चाचणी प्रदर्शनांनंतर काढून टाकली.

कॅसेटची कॉपी करणं चित्रपटात दाखवतात तसं असतं का?

मूळ कृती बरोबर आहे. दोन व्हीसीआर लागतात. पहिल्याच्या 'आउट'मधून पिवळी (चित्र) आणि पांढरी-लाल (आवाज) वायर दुसऱ्याच्या 'इन'मध्ये, पहिल्यावर प्ले, दुसऱ्यावर रेकॉर्ड. नव्या कॅसेटच्या पाठीवरचा छोटा प्लास्टिकचा कान शाबूत हवा. तो तुटलेला असेल तर व्हीसीआर रेकॉर्ड करत नाही, त्या खाचेवर चिकटपट्टी लावावी लागते. कॉपीला मूळ कॅसेट जितकी लांब तितकाच वेळ लागतो.

पुढची अडचण दर्जाची. व्हीएचएसवर, म्हणजे या प्रकारच्या कॅसेटवर, आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा, रंगाचा त्याहून खूपच कमी. प्रत्येक कॉपीत कडा मऊ होतात, लाल रंग पसरतो, चित्र थरथरतं. चौथी-पाचवी प्रत येईपर्यंत सादाको ओळखू आली तरी पुष्कळ. शापावर याचा परिणाम होत नाही, हे गृहीतच धरायचं.

रिमेकमधले दोन तांत्रिक तपशील तपासण्यासारखे आहेत. नोआ म्हणतो की प्रत्येक रेकॉर्डिंगला कंट्रोल ट्रॅकची ओळख असते आणि या कॅसेटला ती नाही. कंट्रोल ट्रॅक ही टेपच्या कडेची स्पंदनं असतात, त्यावरून यंत्र टेपचा वेग आणि चित्र जुळवतं. ती खरोखर नसती तर चित्र स्थिर दिसलंच नसतं. भुताटकी म्हणून सोडून देऊ. दुसरं, रेचल चित्र सरकवून चौकटीबाहेरचा दीपस्तंभ शोधते. जुने टीव्ही चित्राच्या कडा खरोखरच थोड्या झाकायचे, पण ती पट्टी बारीक असते. तिच्यात अख्खा दीपस्तंभ मावणं जरा जास्तच.

भारतातल्या घरात ही कॅसेट आली असती तर? जपान आणि अमेरिका दोन्हीकडे एनटीएससी पद्धत होती, ५२५ रेषांची. आपल्याकडे पाल, ६२५ रेषांची. फक्त पालवर चालणाऱ्या व्हीसीआरमध्ये ती धड लागली नसती. मल्टिसिस्टिम व्हीसीआरवाले मात्र अडकले असते.

घरी पाहताना टीव्हीची सेटिंग काय ठेवावी?

सगळ्यात आधी मोशन स्मूदिंग बंद करा. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, पण ते चित्राच्या सेटिंगमध्ये 'मोशन' या शब्दाजवळ सापडतं. हे चालू असेल तर टीव्ही दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःची फ्रेम बनवून घालतो, आणि उलट्या चालीतला सादाकोचा तो अडखळा गुळगुळीत होऊन जातो. प्रसंग तिथेच मेला. 'व्हिविड'ऐवजी 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड ठेवा. 'व्हिविड' मोड रिमेकमधला हिरवट करडेपणा भडक करून टाकतो. खोलीतल्या उजेडानुसार आपोआप बदलणारा ब्राइटनेस बंद करा, शार्पनेस खाली आणा. साउंडबारचा नाइट मोडही नको. तो हळू आवाज वर आणि मोठा खाली ओढतो, आणि 'रिंगू' तर त्या फरकावरच उभा आहे.

जपानी आवाज आणि सबटायटल्स घ्या, डबिंग नको. डिस्क घ्यायची असेल तर अॅरो व्हिडिओची २०१९ची आवृत्ती, मूळ निगेटिव्हवरून केलेल्या ४के दुरुस्तीची.

तुलना नीट करायची असेल तर कशी करावी?

तीन जोड्या पुरेत: सुरुवातीच्या दोन मुली, विहीर, टीव्ही. प्रत्येक प्रसंग आधी आवाज बंद करून पाहा आणि कट मोजा. मग पडद्याकडे पाठ करून नुसता ऐका. सुरुवातीच्या प्रसंगात फरक लगेच कळतो. 'रिंगू'मधली भाची तोमोको स्वयंपाकघरात असताना टीव्ही आपोआप लागतो, बेसबॉलचा सामना चालू असतो, ती मागे वळते आणि चित्र निगेटिव्हसारखं होऊन गोठतं. बस्स. रिमेकमधल्या भाचीच्या, केटीच्या वाट्याला फ्रिज, जिना, दाराखालून वाहणारं पाणी, दाराची मूठ आणि पडद्यावरची विहीर एवढं सगळं येतं. एकात काय आलं ते कळत नाही, दुसऱ्यात ते कुठल्या वाटेने आलं ते पावलापावलाने कळतं.

शेवट सारखाच आहे का?

उपाय सारखा: कॉपी करून दुसऱ्याला दाखवायची. वजन मात्र वेगळं आहे. रेको व्हीसीआर गाडीत टाकून वडिलांना फोन करते आणि निघते. नातवाला वाचवायला आजोबांना कॅसेट दाखवायची. हेच आजोबा आधी योइचीला नदीवर घेऊन गेलेले आपण पाहिलेले असतात. रिमेकमध्ये एडन कॉपी करता करता विचारतो, ज्याला दाखवू त्याचं काय होईल? रेचल उत्तर देत नाही. तो 'ज्याला' म्हणजे पडद्यासमोर बसलेले आपण, हे समजायला वेळ लागत नाही. खेळी हुशारीची आहे. पण आपल्या माणसाचा बळी द्यायचा निर्णय उघड्या डोळ्यांनी घेणारी रेको जास्त दिवस सोबत राहते.

हे मुलांसोबत पाहता येतील का?

रक्त दोन्हींमध्ये कमी आहे. रिमेकला अमेरिकेत पीजी-१३ (तेरा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांना सावध करणारं प्रमाणपत्र) मिळालं होतं. तरी आत्महत्या, मुलाचा आईकडून खून आणि घोड्याचा मृत्यू हे रिमेकमध्ये स्पष्ट आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना दोन्ही टाळा.

आणखी कोणत्या आवृत्त्या आहेत? सिक्वेल पाहावेत का?

१९९५मध्ये जपानी टीव्हीसाठी एक रूपांतर झालं होतं. १९९९चा कोरियन 'द रिंग व्हायरस' काही बाबतींत कादंबरीच्या जास्त जवळ आहे. त्यात बे दूना आहेत, तेवढ्यासाठी तरी पाहा.

सिक्वेलचा गुंता असा: 'रिंगू'सोबत त्याच दिवशी 'रासेन' हा पुढचा भाग प्रदर्शित झाला. दिग्दर्शक वेगळा होता आणि चित्रपट चालला नाही. मग निर्मात्यांनी तो झाला नाही असं धरून नाकाता यांच्याकडून १९९९मध्ये 'रिंगू २' करून घेतला. २०००चा 'रिंग ०' सादाकोच्या तरुणपणाचा आहे आणि त्यात ती चक्क दयनीय वाटते. अमेरिकेत २००५च्या 'द रिंग टू'चं दिग्दर्शन खुद्द नाकाता यांनी केलं, पण तिथे ना मूळची थंडी उरली ना रिमेकची शिस्त. २०१७चा 'रिंग्ज' सोडून दिला तरी चालेल. वेळ कमी असेल तर दोन मुख्य चित्रपट आणि 'रिंग ०', एवढंच पाहा.